तेलाच्या डब्यांतून उजळते जयंतीचे स्टेज

जयंतीचे दिवस जवळ आले की वस्तीवस्तीत मंडळांच्या बैठका सुरू होतात. पावतीपुस्तके छापून येतात, कार्यकर्ते दारोदार वर्गणीला फिरतात. गायन पार्टी कोणाची बोलवायची यावर विहाराच्या ओट्यावर रात्र रात्र चर्चा होते. पार्टी ठरते, मंडप ठरतो, साऊंड ठरतो. सर्वांत शेवटी कोणीतरी विचारतो, "अरे, लाईटचे काय?" तोपर्यंत वर्गणी बहुतेक संपलेली असते. मग उरतात दोन वाटा. एक म्हणजे उधारीवर लाईटवाला आणायचा आणि पुढचे तीन महिने त्याचे पैसे फेडत बसायचे. दुसरी म्हणजे दोन मोठे हॅलोजन बांबूला बांधून मोकळे व्हायचे.

दोन्ही वाटा आपल्या ओळखीच्या आहेत. भाड्याच्या लाईटने स्टेज लखलखते खरे, पण लाल-हिरव्या झगमगाटात गायकाचे तोंड दिसत नाही. हॅलोजनने तोंड दिसते, पण ते घामाने भिजलेले, डोळे मिचकावणारे. मागच्या रांगेत पोर मांडीवर घेऊन बसलेल्या आमच्या भगिनींना स्टेजवर कोण गात आहे हे शेवटपर्यंत नीट कळत नाही.

वाचकहो, याला तिसरी वाटही आहे. आपल्या वस्तीत वायरमन आहेत, वेल्डर आहेत, सुतार आहेत, शिलाईकाम करणाऱ्या बाया आहेत, पत्र्याचे काम जाणणारे हात आहेत. दुसऱ्यांच्या इमारती आणि दुसऱ्यांचे मंडप हेच हात उजळतात. या हातांनी आठ-दहा रविवार दिले तर गायन पार्टीच्या स्टेजची सगळी रोषणाई घरच्या घरी तयार होऊ शकते. ती कशी, हे या लेखात सविस्तर सांगत आहोत.

गॅसबत्तीपासून आजपर्यंत

आपल्या गाण्याला उजेडाचा थाट कधी फारसा लाभला नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले तेव्हा खेड्यापाड्यात वीज नव्हती. रात्रीच्या कार्यक्रमाला गॅसबत्ती असायची. पंप मारायचा, मेंटल पेटवायचे आणि बत्ती अशी टांगायची की गाणाऱ्याचे तोंड आणि डफावरचा हात दिसेल. पुढे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या पिढीने गावकुसाबाहेरच्या ओट्यांवर आणि चाळींच्या पटांगणांत गाणी पोहोचवली. उजेड थोडा असे, पण तो नेमका माणसावर असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. उजेड किती आहे याच्या आधी तो कुठे पडतो हे पाहायचे असते.

साधनांच्या गरिबीतून मोठी कला उभी राहते याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण म्हणजे बंगालचे प्रकाशयोजनाकार तापस सेन (१९२४–२००६). कोळसा खाणीतील कामगारांच्या जीवनावरील 'अंगार' हे उत्पल दत्त यांचे नाटक १९५९ च्या अखेरीस कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात आले. त्यात खाणीत पाणी शिरून कामगार बुडतात तो प्रसंग सेन यांनी केवळ उजेडाच्या खेळातून उभा केला. स्टेजवर पाण्याचा थेंब नसताना लोकांना पाणी चढताना दिसत होते.

डब्याचा दिवा कसा करावा

या रोषणाईचा मुख्य दिवा म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी पत्र्याचा डबा. तो सुमारे नऊ इंच चौरस आणि चौदा इंच उंच असतो. वडापावच्या गाडीवाल्याकडे, खानावळीत, किराणा दुकानात असे रिकामे डबे मिळतात. एका स्टेजला आठ डबे पुरतात.

डब्याचे वरचे झाकण छिन्नीने पूर्ण काढावे. कापलेली कड पक्कडीने आत दुमडून हातोडीने बसवावी. ही कड ब्लेडसारखी धारदार असते, म्हणून हातात जाड मोजे घालूनच हे काम करावे आणि लहान मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. डबा धुण्याच्या सोड्याने व गरम पाण्याने दोनदा धुऊन उन्हात कडक वाळवावा. आत तेलाचा ओशटपणा राहिला तर धूळ चिकटते आणि उजेड मंद होतो. बाहेरून काळा रंग द्यावा. आतला पत्रा चकचकीत असेल तसाच ठेवावा, कारण तोच उजेड पुढे फेकतो.

डब्याच्या तळाशी आतून लाकडाची एक फळी स्क्रूने बसवावी आणि तिच्यावर दोन बॅटन होल्डर शेजारी शेजारी लावावेत. वायर बाहेर काढण्यासाठी तळाला भोक पाडावे. त्या भोकात रबरी बुश किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा नक्की बसवावा, नाहीतर पत्र्याची धार वायरचे आवरण हळूहळू कापते. तळाला खिळ्याने दहा-बारा भोके पाडून हवा खेळती ठेवावी. एलईडी बल्ब हॅलोजनसारखा तापत नाही, पण त्याच्या बुडाला उष्णता असते. ती कोंडली तर बल्ब लवकर जातो.

प्रत्येक डब्यात नऊ-नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब लावावेत. नऊ वॅटचा एक एलईडी बल्ब जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या बल्बाइतका किंवा थोडा जास्तच उजेड देतो. बल्ब डब्याच्या तळाशी खोल असल्यामुळे उजेड फक्त समोर जातो, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येत नाही.

डबा टांगण्यासाठी लोखंडी पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून दोन्ही बाजूंना नटबोल्टने लावावी. नट सैल करून डबा हवा तसा वाकवता येतो. शिवाय प्रत्येक डब्याला जीआय तारेचा एक वेगळा फेरा बांबूला बांधावा. बोल्ट निसटला तरी डबा कोणाच्या डोक्यावर पडता कामा नये.

डब्याचा पत्रा धातूचा आहे हे क्षणभरही विसरू नये. प्रत्येक डब्याला हिरव्या वायरने अर्थिंग द्यावे, आणि ते रंग खरवडून मोकळ्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावे.

दिवे कुठे बांधावेत

बहुतेक मंडळांची चूक येथे होते. दिवे स्टेजच्या बरोबर वर बांधले तर गायकाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख पडतो आणि नाकाची सावली ओठांवर येते. दिवे खाली, स्टेजच्या कडेवर ठेवले तर तोंड भुतासारखे दिसते. अगदी समोरून मारले तर चेहरा ताटासारखा सपाट दिसतो आणि गायकाला समोरचे काहीच दिसत नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठात प्रकाशयोजना शिकवणारे स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली आपल्या पुस्तकात एक सोपी रीत मांडली. माणसावर उजेड समोरच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन बाजूंनी, तिरका, सुमारे पंचेचाळीस अंशांतून यावा. एका बाजूचा उजेड ऊबदार आणि दुसऱ्या बाजूचा थोडा थंड रंगाचा असावा. मग चेहऱ्याला उठाव येतो. नाटकवाले आजही हीच रीत वापरतात.

आपल्याला त्यासाठी कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. स्टेजच्या पुढे, डाव्या-उजव्या टोकांना एकेक मजबूत बांबू पुरावा. दिवा गायकाच्या तोंडापासून जितका पुढे, तितकाच तोंडाच्या वर असावा. सहा फूट पुढे असेल तर सहा फूट वर. झाला पंचेचाळीस अंशांचा कोन. डाव्या बांबूवर दोन डबे, उजव्या बांबूवर दोन डबे. एका बाजूला 'वॉर्म व्हाईट' म्हणजे पिवळसर पांढरे बल्ब लावावेत. त्यांच्या खोक्यावर २७०० किंवा ३००० असा आकडा छापलेला असतो. दुसऱ्या बाजूला ६५०० आकड्याचे पांढरे बल्ब लावावेत.

दिवे फार लांब बांधू नयेत. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, तो चौथाई होतो. आपले डबे भाड्याच्या हजार वॅटच्या पार लाईटसारखे लांब मारा करत नाहीत. आठ-दहा फुटांच्या आत ते उत्तम काम देतात. पैसे उरले तर मुख्य गायकासाठी तीस-पन्नास वॅटचे दोन तयार एलईडी फ्लड घ्यावेत, बाकी सगळे डब्यांवर भागते.

उरलेल्या चार डब्यांपैकी दोन स्टेजच्या मागच्या बाजूला उंचावर बांधून पुढे-खाली वळवावेत. हा मागचा उजेड ढोलकीवाला, बेंजोवाला, कीबोर्डवाला यांच्या डोक्याखांद्यांना कडा देतो आणि माणसे पडद्यापासून वेगळी उठून दिसतात. राहिलेले दोन डबे जमिनीवर, मागच्या पांढऱ्या पडद्यासमोर ठेवून पडद्यावर रंग टाकावा. वादक आणि कोरस पडद्यापासून तीन-चार फूट पुढे बसवावेत, म्हणजे त्यांच्या सावल्या पडद्यावर नाचणार नाहीत.

रंगाची गंमत आणि रंगाचा घोटाळा

रंगीत उजेडासाठी जिलेटीन कागद स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. हॅलोजनसमोर तो वितळतो, कधी पेटही घेतो. एलईडीच्या डब्यावर मात्र तो रात्रभर टिकतो. पुठ्ठ्याची चौकट करून त्यात कागद ताणून बसवावा आणि चौकट डब्याच्या तोंडावर क्लिपांनी अडकवावी. म्हणजे दोन मिनिटांत रंग बदलता येतो.

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. रंगीत कागद उजेडाला रंग देत नाही, तो बाकीचे रंग अडवतो. लाल कागदातून लालच उजेड बाहेर पडतो. असा लाल उजेड निळ्या कापडावर पडला तर परत यायला निळे काही उरतच नाही आणि कापड काळे दिसते. म्हणूनच कित्येक स्टेजवर निळा झेंडा काळपट दिसतो आणि पंचशील ध्वजाचे रंग ओळखू येत नाहीत. गडद पिवळ्या उजेडातही निळ्याची हीच गत होते. तेव्हा झेंडे, बॅनर आणि प्रतिमा यांच्यावर फक्त पांढरा उजेड टाकावा.

निळा कागद सर्वांत जास्त उजेड खातो. निळा रंग हवा असेल तर तो पडद्यासाठी आणि मागच्या उजेडासाठी ठेवावा, गायकाच्या तोंडावर टाकू नये. आपली माणसे बहुतेक सावळ्या वर्णाची. सावळ्या चेहऱ्यावर निळा किंवा हिरवा उजेड पडला की चेहरा राखेसारखा मलूल दिसतो. पिवळसर पांढऱ्या उजेडात हाच चेहरा तेजस्वी दिसतो, डोळ्यांतले भाव दिसतात. शायराच्या शब्दाला त्याच्या चेहऱ्याची जोड मिळाली पाहिजे. समोरचे दिवे ऊबदार ठेवण्याचे खरे कारण हे आहे.

तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांवरील उजेड संथ, पांढरा असावा. तो लुकलुकू नये, त्याचे रंग बदलू नयेत. तसबिरीच्या काचेवर दिव्याची चमक येत असेल तर तसबीर वरच्या बाजूने थोडी पुढे झुकवावी, चमक खाली निघून जाते. मेणबत्त्या आणि अगरबत्त्या पडद्यापासून व कागदी सजावटीपासून दूर, पितळी किंवा स्टीलच्या ताटात ठेवाव्यात.

पोराबाळांसह करायची सजावट

सजावटीचे काम घरातल्या सर्वांचे आहे. पण त्यासाठी एक नियम पाळावा. मुलांचा हात लागेल अशा प्रत्येक सजावटीत बारा व्होल्टची एलईडी पट्टीच वापरावी. तोरणाच्या जुन्या माळा येथे नकोत. त्या माळेतला एक बल्ब सहा व्होल्टचा असतो म्हणून पुष्कळांना ती निरुपद्रवी वाटते. खरे तर असे चाळीसेक बल्ब ओळीने जोडून सगळी माळ थेट २३० व्होल्टवर चाललेली असते. बल्ब काढलेल्या होल्डरला बोट लागले तर जबर धक्का बसतो.

थर्मोकोलचा विचार मनातून काढून टाकावा. २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, आणि ते झटकन पेटतेही. फ्रीज-टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा त्याहून चांगला.

पुठ्ठ्याचे धम्मचक्र असे करावे. दोन फूट दोरी घेऊन एक टोक खिळ्याला आणि दुसऱ्याला पेन्सिल बांधावी व चार फूट व्यासाचे वर्तुळ काढावे. आठ आरे हवे असतील तर दर पंचेचाळीस अंशांवर एक आरा येतो. अशोकचक्राप्रमाणे चोवीस हवे असतील तर दर पंधरा अंशांवर. शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन हे आखण्याचे काम सातवी-आठवीच्या मुलांना द्यावे, भूमितीचा धडाही होईल. चक्र कापून त्याला रंग द्यावा आणि मागच्या कडेला एलईडी पट्टी चिकटवावी. चार फूट व्यासाच्या चक्राचा घेर साडेबारा फूट, म्हणजे सुमारे पावणेचार मीटर होतो. पाच मीटरचे एक रीळ पुरून सव्वा मीटर उरते. मागे लाकडाचे दोन-दोन इंचांचे ठोकळे लावून चक्र पडद्यापासून थोडे पुढे उभे करावे. पट्टी स्वतः दिसत नाही, पण चक्राभोवती उजेडाचे वलय उमटते.

पट्टी घेताना साधी, मीटरला सुमारे पाच वॅटची घ्यावी. पाच मीटरला चोवीस-पंचवीस वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर दोन अँपियर लागतात. अॅडॉप्टर तीन अँपियरचा घ्यावा, म्हणजे तो तापणार नाही. पट्टी हवी तेथे कापू नये. तिच्यावर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते, तेथेच कापावी.

बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचे कंदील आपल्या बायाबापड्या डोळे मिटूनही करतील. त्यात उरलेल्या पट्टीचे तुकडे लावावेत. जुन्या सीडी घरात धूळ खात पडल्या असतील, त्या दोऱ्यात ओवून स्टेजच्या दोन्ही कडांना टांगाव्यात. वाऱ्याने त्या फिरतात आणि मागच्या रंगीत उजेडाचे कवडसे पडद्यावर पळतात.

बोर्ड कोणाच्या हाती द्यावा

आठ बटणांचा एक बोर्ड प्लायवूडवर करावा आणि प्रत्येक बटणाखाली मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. पहिली लाईन प्रतिमा व बॅनर, दुसरी समोरचे डावे, तिसरी समोरचे उजवे, चौथी मागचा डावा, पाचवी मागचा उजवा, सहावी धम्मचक्र, सातवी पडदा, आठवी प्रेक्षकांतली वाट. पहिल्या आणि आठव्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकावी. ही दोन बटणे कार्यक्रम संपेपर्यंत कोणीही बंद करायची नाहीत.

आठव्या लाईनबद्दल मुद्दाम सांगतो. स्टेज उठून दिसावे म्हणून समोर पूर्ण अंधार करण्याची पद्धत काही ठिकाणी पडली आहे. त्या अंधारात आपल्या लेकीबाळी बसलेल्या असतात, म्हाताऱ्यांना लघवीला उठायचे असते, मुले वायरींवरून धडपडतात. महिलांची बसण्याची जागा, जाण्यायेण्याची वाट आणि संडासाचा रस्ता येथे मंद का होईना पण सतत उजेड हवा. ज्या कार्यक्रमात आई-बहिणींना सुरक्षित वाटते, त्याच कार्यक्रमाला त्या पुढच्या वर्षी येतात.

बोर्डावर असा मुलगा किंवा मुलगी बसवावी, जिला सगळी गाणी तोंडपाठ आहेत. वायरिंगचे ज्ञान येथे लागत नाही, ते वायरमनने आधीच केलेले असते. मुखडा कुठे परततो, अंतरा कधी सुरू होतो, कोरस कुठे उचलतो हे मात्र कळायला हवे. वंदनेला सर्व रंग बंद, फक्त पांढरा स्थिर उजेड. पोवाड्याला समोरचे दोन्ही दिवे आणि पडद्यावर लाल. कव्वालीचा मुकाबला असेल तर खरी मजा येते. मागच्या डाव्या डब्यावर नारिंगी आणि उजव्यावर निळा कागद लावून ठेवावा. डावीकडची पार्टी सवाल टाकेल तेव्हा डावी बाजू उजळावी, उजवीकडची जवाब देईल तेव्हा उजवी. दोन्हीकडचे समोरचे दिवे मात्र चालूच राहू द्यावेत, कारण जवाब ऐकणाऱ्याचा चेहराही लोकांना पाहायचा असतो.

साध्या एलईडी बल्बांना डिमर किंवा पंख्याचा रेग्युलेटर लावू नये, ते लुकलुकतात आणि खराब होतात. उजेड कमी करायचा तर एका बाजूची लाईन बंद करावी. जुन्या काळी नाटकमंडळ्या मिठाच्या पाण्याचे डिमर वापरत. तो उघड्या पाण्यातून वीज नेण्याचा प्रकार आहे, त्याच्या वाटेला कोणीही जाऊ नये. झपझप उघडझाप करणारे दिवेही टाळावेत. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणाऱ्या उजेडाने फिटचा त्रास असलेल्या माणसाला झटका येऊ शकतो.

रंगीत तालीम मोबाईलवर चित्रित करून पाहावी. चित्रात आडवे पट्टे पळताना दिसले तर तो बल्ब हलक्या प्रतीचा आहे, बदलून घ्यावा.

विजेशी खेळ नको

आठ डब्यांतले सोळा बल्ब १४४ वॅटचे आणि पट्टी चोवीस वॅटची. सगळे मिळून एकशे सत्तर वॅटच्या आत, म्हणजे घरगुती इस्त्रीच्या चौथ्या भागाहूनही कमी. चार तासांत पाऊण युनिटसुद्धा वीज जळत नाही. हजार वॅटचे आठ पार लाईट तेवढ्याच वेळात बत्तीस युनिटे जाळतील.

पण लोड कमी म्हणून धोका कमी, असे कोणी समजू नये. वायरमधले व्होल्ट २३० च आहेत. २०२३ च्या एप्रिलमध्ये विरार येथे जयंतीच्या मिरवणुकीतील गाडीवरचा लोखंडी दांडा विजेच्या ट्रान्सफॉर्मरला लागला आणि दोन जणांना प्राण गमवावे लागले. आनंदाच्या दिवशी घरातले कर्ते माणूस जाणे यासारखे दुःख नाही. म्हणून पुढील गोष्टी दगडावरच्या रेघेसारख्या पाळाव्यात.

खांबावर आकडा टाकू नये. २००३ च्या वीज कायद्यातील कलम १३५ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि आकड्याच्या लाईनला फ्यूज, अर्थिंग काहीच नसते. वीज कंपनीकडे वेळेवर अर्ज करून तात्पुरते मीटर घ्यावे. सर्व जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी किंवा तपासून घ्यावी.

मीटरनंतर एमसीबी आणि तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी लावावा. वीज माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली तर आरसीसीबी क्षणार्धात लाईन तोडतो. या सगळ्या सामानात तो महाग पडेल, तरी तेथे काटकसर करू नये. त्याच्यावरचे टेस्ट बटण कार्यक्रमापूर्वी दाबून पाहावे. तीन तारांची केबल वापरावी. जोड जमिनीवर, गवतात, पाण्याजवळ ठेवू नयेत. एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस केव्हाही येतो. सर आली की आधी मेन बंद, मग बाकीची धावपळ. लोखंडी पाइपांच्या मंडपालाही अर्थिंग द्यावे, आणि वरून विजेच्या तारा जात असतील तर स्टेजची जागाच बदलावी.

कोणाला धक्का बसून तो चिकटला तर त्याला हाताने ओढू नये. मेन बंद करावे. ते लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर दूर करावी आणि लगेच १०८ ला फोन करावा.

कामाचे वेळापत्रक आणि हिशेब

एप्रिलच्या मध्याला मुंबईत सूर्य सातच्या सुमारास मावळतो, नागपुरात जवळपास अर्धा तास आधी. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला बंद करावे लागतात. राज्य सरकारने ठरवून दिलेल्या काही दिवसांनाच बारापर्यंत सूट मिळते. म्हणजे खऱ्या अर्थाने रोषणाई लागते ती तीन-चार तासांपुरती. तेवढ्या तासांसाठी वर्षभराची वर्गणी उधळायची का, याचा विचार मंडळांनी करावा.

गेल्या वर्षीचे लाईटवाल्याचे बिल काढून एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला सोळा बल्ब, सोळा होल्डर, केबल, बटणे, एमसीबी, आरसीसीबी, पट्टी, अॅडॉप्टर आणि रंग यांचे आपल्या बाजारातले भाव मांडा. नऊ वॅटचा साधा बल्ब आज शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. दुसरी गोष्ट, भाड्याचा लाईट रात्री टेम्पोत बसून जातो. हे सामान मात्र विहारात राहते. बुद्धपौर्णिमेला, वर्षावासाच्या कार्यक्रमाला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, मुलांच्या स्नेहसंमेलनाला ते पुन्हा उपयोगी पडते. सामानाची यादी करून ती कार्यकारिणीच्या दोन जणांच्या सहीने ठेवावी, म्हणजे डबे कोणाच्या घरी पाणी भरायला जाणार नाहीत.

आम्ही लाईटवाल्यांच्या पोटावर पाय द्या असे म्हणत नाही. तेही कष्टकरीच आहेत, आणि त्यांच्यातही आपली कितीतरी मुले आहेत. मोठ्या मैदानावरच्या हजारो लोकांच्या कार्यक्रमाला त्यांची साधने लागणारच. हा लेख आहे तो दोन-तीनशे माणसांच्या वस्तीसाठी, जिथे वर्गणीचा प्रत्येक रुपया धुण्याभांड्यांच्या आणि नाक्यावरच्या मजुरीतून आलेला असतो.

तो रुपया वाचला तर कुठे लावायचा हे मंडळाने बैठकीतच ठरवून पावतीवर छापावे. अभ्यासिकेत दोन पंखे येतील, दहावीच्या मुलांना पुस्तके येतील, किंवा गायन पार्टीतल्या ढोलकीवाल्याला त्याची बिदागी त्याच रात्री पूर्ण देता येईल. पुष्कळ ठिकाणी त्याचेच पैसे मागे राहतात.

या रविवारी वस्तीतल्या वायरमनला आणि पत्र्याचे काम करणाऱ्याला घरी चहाला बोलवा, हा लेख त्यांच्यापुढे ठेवा आणि आधी एकच डबा करून पाहा. रात्री तो ओट्यावर बांधून त्याच्या उजेडात कोणालातरी गायला बसवा आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहा. गाणाऱ्याचे डोळे तेथून दिसले तर बाकीचे सात डबे करायला घ्या.